कळतं का?

"काका, पायाला संवेदना आहेत का?" डॉक्टरांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. साताऱ्याच्या घाटरस्त्यांवर तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. 'संवेदना' हा शब्द त्यांनी आजवर पेपरातच वाचलेला, तोही कुणी वारल्यावर. मंत्री शोकसंवेदना व्यक्त करतात, तिथे. 'संवेदनशील' म्हटलं तर त्यांना निवडणुकीची ड्युटी आठवते. संवेदनशील मतदान केंद्र, म्हणजे जिथे पोलीस जास्त आणि चहा उशिरा. या दोन्हींचा पायाशी काय संबंध, हे त्यांना कळेना.

मी मदतीला धावलो. "अण्णा, सेन्सेशन आहे का विचारतायत."

याचा उपयोग शून्य. शेवटी ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "अहो काका, हात लावल्यावर कळतं का?"

"हां, कळतंय की!"

ते खरं नव्हतं. आदल्या आठवड्यात चपलेतून वर आलेला बारीक खिळा टाचेत घुसवून अण्णा दिवसभर फिरले होते. बाजारात जाऊन आले, पारावर बसून आले. संध्याकाळी आईला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा शोध सुरू झाला. आधी तर मांजर जखमी आहे असं समजून मांजराला तपासलं. चौदा वर्षांच्या मधुमेहाने पायाच्या नसा कधी खाल्ल्या, हे घरात कुणालाच समजलं नव्हतं. समजणार कसं? दुखत तर नव्हतं.

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून पेनासारखी एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा एक दोरा, ब्रशच्या जाड केसासारखा. "डोळे मिटा. मी टेकवीन तेव्हा कळलं की 'हो' म्हणा." दोरा जरासा वाकेपर्यंत तळव्यावर दाबायचा, की दहा ग्रॅमचा दाब पडतो. अण्णा दर दोन-तीन सेकंदांनी इमाने इतबारे 'हो' म्हणत होते. अडचण एवढीच, की दोरा टेकलेला नसतानाही म्हणत होते. इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत मीही हेच करायचो, त्यामुळे मला त्यांचा राग आला नाही. पण पोटात खड्डा पडला.

परतीच्या वाटेवर अण्णा खिडकीशी डोळे मिटून बसले आणि मी फोनवर शोधत बसलो. दहा ग्रॅमच का? बारा का नाही? हा आकडा कुणी ठरवला? माझं काम अशाच आकड्यांचं आहे. सर्व्हरना काही झालं की माणसाला कळवणारी यंत्रणा मी सांभाळतो. डिस्क किती टक्के भरली की अलर्ट द्यायचा, उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले की कुणाला झोपेतून उठवायचं, हे उंबरठे ठरवायचा मला पगार मिळतो. त्यामुळे दुसऱ्या कुणी तरी ठरवलेला उंबरठा दिसला, की तो कुठून आला हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. तो दोरा धरून मागे मागे गेलो आणि अडकलो एका शब्दात. सेन्सेशन.

या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'सेन्तिरे' या क्रियापदात आहे. जाणवणं, वाटणं. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दिसायला लागतो, आणि त्याच शतकाच्या अखेरीस जॉन लॉक त्याला एकदम मोठ्या पदावर बसवतो. लॉक वैद्यकी शिकलेला माणूस. १६९० च्या सुमारास आलेल्या मानवी आकलनावरच्या त्याच्या ग्रंथाचं म्हणणं असं, की मन जन्मतः कोऱ्या कागदासारखं असतं आणि त्यावर जे काही उमटतं ते दोनच वाटांनी येतं. एक सेन्सेशन, म्हणजे बाहेरचं जग इंद्रियांतून आत येणं. दुसरी वाट म्हणजे मनाने स्वतःच्याच कामाकडे बघणं. पुढे फ्रान्समध्ये काँदियाकने १७५४ साली यावर कडी केली. त्याने एक संगमरवरी पुतळा कल्पिला आणि त्याला एकेक इंद्रिय द्यायला सुरुवात केली. आधी फक्त वास. नाकाशी गुलाब धरला तर त्या पुतळ्यापुरतं जगात दुसरं काहीच नाही, तो स्वतःच गुलाबाचा वास होऊन जातो. मग ऐकणं, चव, बघणं, स्पर्श असं करत काँदियाक त्या दगडात अख्खं मन उभं करतो. सगळं ज्ञान संवेदनेतून येतं, या मताला तत्त्वज्ञानात जे नाव पडलं ते सेन्सेशनॅलिझम. हो, तोच शब्द. आज आपण न्यूज चॅनलवर चिडलो की वापरतो, तो.

म्हणजे सुरुवातीला सेन्सेशनचा अर्थ थरार वगैरे नव्हता. कळणं हा होता. इथे मला त्या सिस्टर आठवल्या. डॉक्टरांची 'संवेदना' आणि माझं 'सेन्सेशन' दोन्ही फुकट गेल्यावर त्यांनी जो शब्द वापरला, तो लॉकलाही पटला असता.

आपल्याकडे तर हे शब्दातच बसलेलं आहे. 'वेदना' हा शब्द 'विद्' या धातूपासून आला. विद् म्हणजे जाणणं. वेद, विद्या, विद्वान हे सगळे त्याचे भाऊबंद. पाली ग्रंथांत वेदना म्हणजे फक्त दुखणं असं नाही. वेदना तीन तऱ्हेच्या: सुखाची, दुःखाची, आणि सुखाचीही नाही नि दुःखाचीही नाही अशी. मराठीत येईपर्यंत त्यातल्या दोन गळून पडल्या आणि दुखणारी तेवढी उरली. मग रिकाम्या जागेवर आपण 'संवेदना' आणून बसवली. माझा एक जुना रूममेट इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस गप्प बसून आला. नाकाखाली, वरच्या ओठाच्या जागेवर काय जाणवतंय ते बघत राहायचं, असं काहीसं तो समजावून सांगत होता. तेव्हा मी त्याची चेष्टा केली होती. शिबिरात ते ज्याला संवेदना म्हणतात ती म्हणजे पालीतली मूळची वेदना, हे मला आत्ता समजलं. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत 'स्वसंवेद्य' हा शब्द आहे: जे स्वतःच स्वतःला जाणतं ते. शाळेत तो मी पाठ केला होता आणि त्याचा पायाच्या तळव्याशी काही संबंध असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

उलट्या बाजूचे शब्दही मजेशीर आहेत. १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनमध्ये ईथर हुंगवून जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि जगाला अॅनेस्थेशिया मिळाला. ग्रीक शब्द, अर्थ 'संवेदना नसणं'. मराठीने त्याला नाव दिलं 'भूल'. कळण्याच्या विरुद्ध भुलणं. आणि 'बधिर' हा संस्कृतात ज्याला ऐकू येत नाही तो, मराठीत मात्र ज्याला स्पर्श कळत नाही तो अवयव. कानाचं दुखणं कातडीवर कसं उतरलं कोण जाणे.

आता दोऱ्याकडे. हा दोरा मागे ओढत गेलं की आपण जर्मनीत लाइप्झिग शहरात पोचतो. तिथे अर्न्स्ट वेबर नावाचा शरीरशास्त्रज्ञ कंपासची दोन टोकं माणसांच्या अंगावर टेकवत होता. दोन टोकं किती जवळ आणली की माणसाला ती एकच वाटतात? जिभेच्या शेंड्यावर साधारण मिलिमीटरभर अंतर पुरतं, पाठीवर पाच-सहा सेंटीमीटर लागतात. घरी करून बघा, पाठीचा आकडा ऐकून विश्वास बसत नाही. त्याने वजनंही उचलायला दिली आणि १८३४ मध्ये लिहून ठेवलं, की फरक कळायला किती भर टाकावी लागते ते आधी हातात किती आहे यावर ठरतं. हातात थोडं असेल तर चिमूटभर पुरते, पोतं असेल तर मूठभर टाकूनही कळत नाही.

त्याच शहरात गुस्टाफ फेख्नर होता, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. डोळ्यांपुढे उरणाऱ्या प्रतिमांचा अभ्यास करायला तो रंगीत काचांतून सूर्याकडे बघत राहिला आणि डोळे घालवून बसला. काही वर्षं अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधून काढली. मग दृष्टी परत आली. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणातच त्याला सुचलं की वेबरच्या निरीक्षणातून मनाचं मोजमाप काढता येईल. दहा वर्षांनी, १८६० मध्ये, त्याचा ग्रंथ आला. त्यातला नियम आपल्या भाषेत असा: संवेदना समान पायरीने वाढवायची असेल, तर बाहेरचा मारा प्रत्येक वेळी पटीत वाढवावा लागतो. गणितात याला लॉगॅरिदम म्हणतात. बारावीत ज्यांनी लॉगटेबलाला शिव्या दिल्या, त्यांच्या डोळ्यांत आणि कानांत साधारण तेच टेबल चालू होतं. पुढच्या शास्त्रज्ञांनी या नियमाला बऱ्याच दुरुस्त्या केल्या, पण संवेदना आकड्यात धरता येते ही हिंमत फेख्नरची.

आणि नेमकं १८६० सालीच हा शब्द दुसऱ्या दिशेला पळाला.

लोकांमध्ये उडालेली खळबळ या अर्थाने सेन्सेशन इंग्रजीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून होतंच. कोर्टाच्या बातम्यांत साक्षीदार काही भलतंच बोलला, की वार्ताहर मध्येच कंसात तेवढा एक शब्द टाकायचे, नाटकातल्या रंगसूचनेसारखा. पण १८६० मध्ये त्याचा धंदा झाला. डायन बूसिको याचं 'द कॉलीन बॉन' हे नाटक त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये आलं, मग लंडनला गेलं. त्यात नायिकेला पाण्यात ढकलतात आणि वरून सूर मारून तिला वाचवतात. हा प्रसंग बघायला लोक पुन्हा पुन्हा येत, आणि अशा प्रसंगाला नावच पडलं सेन्सेशन सीन. त्याच वर्षी विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः छापून संपली आणि पुस्तकरूपात आली. मागोमाग तशा कादंबऱ्यांची रांग लागली. घरातच लपलेला गुन्हा, दोन लग्नं, वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली बाई. यांना म्हणायला लागले सेन्सेशन नॉव्हेल.

१८६३ मध्ये हेन्री मॅन्सेल या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या पाद्र्याने अशा दोन डझन कादंबऱ्यांचं एकत्र परीक्षण करून त्या झोडून काढल्या. त्याची तक्रार ऐकण्यासारखी आहे. ही पुस्तकं वाचकाच्या बुद्धीशी किंवा विवेकाशी बोलतच नाहीत, थेट मज्जातंतूंशी बोलतात, असं त्याचं म्हणणं. म्हणजे त्याला शब्दाचा शरीराशी असलेला जुना संबंध पुरता ठाऊक होता. आपण तो विसरलो. आता सेन्सेशनल म्हटल्यावर कुणाला नस आठवत नाही.

मला मॅन्सेल थोडा खडूस वाटतो. त्या कादंबऱ्यांत बायकांच्या मिळकतीचे आणि लग्नाचे कायदे किती भयानक आहेत हेही होतं. अंगावर काटा आला तर त्यातून काही कळलंही असेल. पण फेख्नरचा नियम समोर ठेवून विचार केला की धंद्याची पुढची अडचण लगेच दिसते. आज एका खुनावर अंग शहारलं, तर उद्या तेवढंच शहारायला दोन लागतील, परवा चार. हे गणित त्याने वर्तमानपत्रांसाठी मांडलेलं नव्हतं, ते मी ओढूनताणून लावतोय. तरी १८९०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पुलित्झर आणि हर्स्ट यांच्या पेपरांची जी चुरस लागली, मथळे फुगत गेले, ती बघताना मला लॉगचाच आलेख दिसतो.

मुंबईलाही आपलं सेन्सेशन मिळालं. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर एक मोटार अडवून अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याला गोळ्या घातल्या गेल्या. बरोबर मुमताज बेगम होती, इंदूर दरबारातून निसटलेली. तिला ओढून न्यायचं होतं. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचले आणि त्यांनी तिला सोडवलं. एकाने तर गोल्फची काठीच चालवली. खटला चालला, एका आरोपीचे वकील बॅरिस्टर जीना होते, आणि पुढच्याच वर्षी तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. या प्रकरणावर त्याच वर्षी, १९२५ मध्ये, 'कुलीन कांता' नावाचा मूकपटही निघाला. यात माझं लक्ष एका गोष्टीशी अडकलं: त्या झटापटीत मुमताजच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वार झाले होते. शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच संध्याकाळी एकाच ठिकाणी हजर होते. एक तिच्या गालावर. दुसरा गावभर. आपल्यापर्यंत पोचला तो दुसरा.

मराठीत या दुसऱ्या अर्थाला आपण खळबळ म्हणतो. तो पाण्याचा शब्द आहे. तोंडात पाणी घेऊन चूळ खळबळून टाकतात, भांडं खळबळून घेतात. गढूळलेलं पाणी थोड्या वेळाने खाली बसतं, आणि बातमीचंही तसंच होतं, म्हणून मला हा शब्द प्रामाणिक वाटतो. हिंदीने मात्र इंग्रजीचीच वाट धरली. 'सनसनी' म्हणजे आधी अंगातली झिणझिणी, मग लोकांमधली. २००४ मध्ये त्याच नावाचा गुन्हेगारीवरचा कार्यक्रम स्टार न्यूजवर सुरू झाला आणि घराघरात पोचला. अण्णा तो न चुकता बघायचे. आपण त्यातून 'सनसनाटी' उचलली आणि झिणझिण्या मात्र पायातच राहू दिल्या. शेअर बाजारवाल्यांनी तिसराच प्रकार केला. मुंबई शेअर बाजाराचा तीस कंपन्यांचा 'सेन्सिटिव्ह इंडेक्स' १९८६ मध्ये सुरू झाला, आणि दीपक मोहोनी यांनी त्याचं सेन्सेक्स असं सुटसुटीत नाव केलं. संवेदनशील निर्देशांक. देशाला कुठे दुखतंय ते त्याला कळतं असं मानणारे लोक माझ्या ऑफिसात भरपूर आहेत.

पण दहा ग्रॅम अजून राहिले.

वेबरच्या साठेक वर्षांनंतर लाइप्झिगमध्येच माक्स फॉन फ्राय याने काडीला वेगवेगळ्या जाडीचे केस बांधून कातडीवर टेकवले. केस वाकला की दाब वाढत नाही, म्हणून प्रत्येक केसाचा दाब ठरलेला. १९६० मध्ये अमेरिकेत जोसेफीन सेम्स आणि सिडनी वाइनस्टाइन यांनी युद्धात मेंदूला जखम झालेल्या सैनिकांच्या तपासणीसाठी केसांऐवजी नायलॉनचे दोरे वापरले. आणि १९८६ मध्ये लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयातून एक निबंध आला. पायाला जखमा झालेले कुष्ठरोगी आणि मधुमेही त्यांनी तपासले होते. दहा ग्रॅमचा दोरा ज्याला कळतो, त्याचा पाय स्वतःला सांभाळू शकतो. ज्याला कळत नाही, त्याचा पाय धोक्यात. अण्णांच्या तळव्यावर टेकलेला आकडा कुष्ठरोगाच्या इस्पितळातून आला होता.

त्या आकड्यामागची समज तयार झाली ती भारतात. पॉल ब्रँड हा १९१४ मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेला मिशनऱ्यांचा मुलगा, शल्यविशारद होऊन १९४६ मध्ये वेल्लोरला आला. कुष्ठरोगात बोटं झडतात असं तेव्हा डॉक्टरांसकट सगळे धरून चालत. आपल्या एसटी स्टँडांच्या भिंतींवर 'बधिर चट्टा' दिसल्यास तपासणी करा असं रंगवलेलं असायचं, पण त्या बधिरपणाने पुढे काय होतं ते लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. ब्रँडने बघितलं की बोटं आपोआप झडत नाहीत. माणूस गरम भांडं धरून ठेवतो, कुलपात अडकलेली किल्ली बोट सोलेपर्यंत पिरगाळतो, जखमेवरच चालत राहतो. काहींची बोटं तर रात्रीत नाहीशी होत. पाळत ठेवल्यावर दिसलं की झोपेत उंदीर कुरतडतात आणि माणूस जागा होत नाही. उपाय म्हणून रुग्णांना मांजरं दिली. हे वाचताना मला आमचं तपासलेलं मांजर आठवलं आणि हसू आलं नाही.

१९६६ मध्ये ब्रँड कारव्हिलला गेला. तिथे त्याने आणि इंजिनिअरांनी मिळून जे करायला घेतलं, ते मला थेट माझ्या टीमचं काम वाटलं. बधिर हातापायांसाठी कृत्रिम वेदना. हातमोज्यांत आणि मोज्यांत दाब मोजणारे सेन्सर बसवले. दाब जास्त झाला की कानात आवाज. रुग्णांनी आवाज ऐकला आणि काम चालू ठेवलं. मग दिवे लावून बघितले, त्याचाही उपयोग होईना. मग शरीराच्या ज्या भागात संवेदना शाबूत होती, तिथे विजेचा झटका देऊन बघितला. तो जाणवायचा, नक्कीच. पण जोर लावायचं काम आलं की रुग्ण यंत्र बंद करायचे, काम उरकायचे आणि पुन्हा चालू करायचे. यंत्रणेत दोष नव्हता. धोक्याची माहिती मिळत होती, वेळेवर मिळत होती. ती आपली वाटत नव्हती, आणि बटण हातात होतं. शेवटी त्यांनी तो नाद सोडला.

मागच्या वर्षी माझ्या ऑनकॉलच्या आठवड्यात एका रात्रीत दोनशेवर अलर्ट आले. बहुतेक फालतू होते. पहाटे तीनला मी ते चॅनल म्यूट केलं आणि झोपलो. त्यातलाच एक खरा होता. सकाळी उठलो तेव्हा एका डेटाबेसची डिस्क काठोकाठ भरून पाच तास झाले होते. मीटिंगमध्ये मी उंबरठा चुकीचा असल्याचं सांगितलं, आलेख दाखवला, सगळ्यांनी मान डोलावली. बटणाचं बोललो नाही.

अण्णांची जखम भरली. भरायला अडीच महिने लागले. डॉक्टरांनी सांगितलंय की रोज रात्री दोन्ही तळवे डोळ्यांनी बघायचे. पायाला कळत नाही ते डोळ्याला कळू दे. आरसा धरून वाकणं त्यांना जमत नाही, म्हणून आई फोनवर तळव्यांचे फोटो काढते आणि नऊच्या सुमाराला मला पाठवते. माझे बाकीचे सगळे ग्रुप म्यूट आहेत.

काल साडेनऊ झाले तरी फोटो आला नाही. मी फोन लावला. मागे टीव्ही कर्कश ओरडत होता, कुठल्या तरी नेत्याच्या वक्तव्याने राज्यभर खळबळ उडाली होती.

"अण्णा, पाय बघितले का?"

"थांब रे जरा," अण्णा म्हणाले. "ब्रेक लागू दे."